लोकरीचं प्रवाळ आणि ४ हजार जणांची नावं

जर्मनीत आल्यापासून म्युझियम्स बरीच बघितली, पण बाडेन-बाडेनच्या फ्रीडर बुर्डा म्युझियममध्ये २०२२ साली बघितलेलं प्रदर्शन अजून डोक्यातून जात नाही. आम्ही कार्ल्सरूहला राहतो, तिथून बाडेन-बाडेन ट्रेनने अगदी जवळ. बाहेरून पांढरीशुभ्र, एकदम मॉडर्न इमारत आणि आत काय, तर चक्क क्रोशाचं विणकाम! लोकरीची मोठमोठी प्रवाळ बेटं, त्यावर ४० हजारांहून जास्त छोटी छोटी प्रवाळं, आणि ती विणून पाठवणारे सुमारे ४ हजार लोक, त्यातही बहुतेक बायकाच.

मूळ कल्पना मार्गारेट आणि ख्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणींची. दोघी ऑस्ट्रेलियाच्या, क्वीन्सलँडमध्ये वाढलेल्या, म्हणजे ग्रेट बॅरियर रीफ या समुद्रातल्या प्रचंड प्रवाळ रांगेच्या भागातल्या. समुद्र तापून प्रवाळ मरतंय हे बघून २००५ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांनी घरीच विणायला सुरुवात केली आणि मग जगभर गावोगावचे लोक आपापलं प्रवाळ विणायला लागले.

आता यातली गंमत विणकाम करणाऱ्यांना लगेच कळेल. साखळी घालायची, मुके खांब घालत जायचं, आणि दर काही टाक्यांनी एका घरात दोन खांब घ्यायचे, बस. प्रत्येक ओळीत टाके वाढत जातात, कापड सपाट राहूच शकत नाही, त्याला आपोआप चुण्या पडून झालर होते आणि खऱ्या प्रवाळाचा आकार येतो. गणितात याला हायपरबोलिक पृष्ठभाग म्हणतात, आणि तो क्रोशाने विणून दाखवला डाइना ताइमिना या लाटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी, १९९७ मध्ये, कॉर्नेल युनिव्हर्सिटीत. आमच्याकडे टीव्हीवरचे रुमाल विणणाऱ्या मावशीच्या हातात एवढं गणित होतं हे कोणी सांगितलंच नव्हतं!

जवळ जाऊन बघितलं की कळतं, एकही प्रवाळ दुसऱ्यासारखं नाही. कुणी घट्ट विणलंय, कुणी सैल, कुणी मणी ओवलेत. वर्थाइम बहिणींनी एक पांढरं प्रवाळ पण केलंय, कारण पाणी जास्त तापलं की प्रवाळाच्या आत राहणारं शेवाळ निघून जातं, रंग जातो आणि अन्नही तुटतं, तसंच राहिलं तर ते उपाशी मरतं. हे मी शाळेत वाचलेलं असणार, पण लोकरीत बघितल्यावर पोटात कालवलं.

आणि मला सगळ्यात जास्त काय आवडलं, तर विणणाऱ्यांची नावं. या प्रोजेक्टमध्ये विणणाऱ्यांना नावानिशी श्रेय देतात. बायकांचं विणकाम म्हणजे फावल्या वेळचा उद्योग असं आपण सहज म्हणून जातो, इथे त्यालाच म्युझियमचा हॉल मिळाला, तिकीट काढून लोक बघायला आले.

आपल्याकडे मालवणच्या समुद्रात खरं प्रवाळ आहे, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, पण सुट्टीत जाणाऱ्या कितीतरी जणांना त्याचा पत्ताच नसतो. तिथल्या बायकांनी, शाळेतल्या मुलांनी मिळून असं प्रवाळ विणलं आणि मालवणातच मांडलं तर किती भारी होईल, मला खरंच मनापासून वाटतं हे व्हावं. लोकर आणि सुया कुठेही मिळतात, टाके घरातल्या मावशी-काकूंना येतातच, एखादा शाळेचा हॉल मिळाला की झालं. पुढच्या वेळी कोकणात गेले की तिथल्या शाळेत जाऊन विचारणार आहे, आणि मावशीला सोबत नेणार, कारण शिकवायला तीच लागेल.