वीस लाखांचा आकडा

दिवाळीला बारा दिवस उरले असताना सकाळी पावणेसात वाजता अण्णांचा फोन आला, तेव्हा मला प्रथम आश्चर्यच वाटले, कारण त्यांच्या कारखान्याचा विमा माझ्याकडून जाऊन दोन वर्षे झाली होती. "रात्री गोदाम पेटलं, ताई. माणसं सगळी सुखरूप आहेत. पण आता पुढं काय करायचं ते पोराला कळेना," एवढेच ते म्हणाले. विमा तुमच्याकडे नाही, हे त्यांनी बोलून दाखवले नाही आणि मीही त्याचा उल्लेख केला नाही.

अण्णांचा टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या पूर्व भागात, कन्ना चौकाच्या पुढे एका गल्लीत आहे. तळमजल्यावर यंत्रमाग, मागच्या बाजूला तयार मालाचे गोदाम आणि वर घर, अशी त्या भागातल्या कितीतरी कारखान्यांसारखी त्याची रचना. मी तेवीस वर्षांपासून सर्वसाधारण विम्याची, म्हणजे आयुर्विमा सोडून इतर विम्याची, एजंट म्हणून काम करते आणि अण्णा माझे अगदी सुरुवातीचे ग्राहक होते. त्यांचा मुलगा पुण्याहून शिकून आला, कारभार पाहू लागला आणि नूतनीकरणाच्या वेळी मोबाईलवर दर काढून माझ्यासमोर बसला. ऑनलाइन विक्रेत्याकडे तोच विमा अकराशे रुपयांनी स्वस्त होता. "काकू, तेवढे तुमच्या कमिशनमधून कमी करा, मग तुमच्याकडेच ठेवतो," असे तो सरळपणे म्हणाला. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ प्रमाणे अशी सूट देणे आणि घेणे दोन्हींना मनाई आहे, हे मी त्याला सांगितले. त्याला ते पटले, पण विमा मात्र गेला. त्या वेळी मी मनात म्हणाले होते, की प्रसंग आला म्हणजे कळेल. आज ते आठवले की संकोच वाटतो.

जुळे सोलापुरातून स्कूटरवर निघून मी साडेसातला पोहोचले. महापालिकेच्या अग्निशमन दलाने आग पहाटेच विझवली होती, पण गोदामातून अजून धूर निघत होता आणि गल्लीभर काळे पाणी साचले होते. दारात टेम्पो उभा होता. मुलगा आणि तीन कामगार भिजलेले, अर्धवट जळलेले टॉवेलचे गठ्ठे त्यात भरत होते. दिवाळीच्या तोंडावर जागा मोकळी करून माग पुन्हा सुरू करावेत, या घाईने त्याने भंगारवाल्याला बोलावून घेतले होते. मी प्रथम ते काम थांबवले. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान मोजायला कंपनी नेमते त्या तपासनीसाने, पाहिल्याशिवाय आणि कंपनीने लेखी सांगितल्याशिवाय ढिगाऱ्यातली एकही वस्तू बाहेर जाता कामा नये, कारण जे जळले त्याची मोजदाद त्या ढिगाऱ्यावरूनच करावी लागते. त्याच वेळी आणखी नुकसान होऊ नये याची काळजी घेणे हेही विमाधारकाचे कर्तव्य असते. म्हणून आधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि चित्रीकरण करून, जो माल नुसता भिजला होता तो आवारातच वेगळा काढून उन्हात पसरायला लावला. आग विझवताना पाण्याने खराब झालेला मालही आगीच्या विम्यात धरला जातो, हे मुलाला ठाऊक नव्हते. तेवढाही माल तो भंगाराच्या भावाने देऊन टाकणार होता.

ऑनलाइन विक्रेत्याविषयी येथे न्यायाने बोलले पाहिजे. मुलाने पहाटे साडेपाचला ॲपवर दाव्याची सूचना दिली होती, दहा मिनिटांत तिचा क्रमांक मिळाला होता आणि सकाळी नऊच्या आत सर्व्हेअरच्या नेमणुकीचा संदेशही आला. माझ्याकडे विमा असता, तर मीसुद्धा याहून लवकर काही करू शकले नसते. मदतकेंद्राची मुलगी फोनवर नम्रपणे बोलत होती आणि कागदपत्रांची यादी तिने व्यवस्थित पाठवली होती. फक्त त्या यादीतला कोणता कागद कुणाकडे आहे, हे तिला दुरून माहीत असणे शक्य नव्हते. साठ्याची वही कार्यालयासोबत जळाली होती. जीएसटीची विवरणपत्रे करसल्लागाराकडे होती, सुताच्या खरेदीची बिले व्यापाऱ्याकडून पुन्हा काढून घ्यावी लागणार होती आणि कर्जापोटी बँकेला दरमहा द्यायचे साठ्याचे स्टेटमेंट शाखेत होते. पोलीस पंचनामा आणि अग्निशमन दलाचा दाखला यांसाठी अर्ज लिहून आम्ही अण्णांच्या पुतण्याला धाडले.

दुपारी बाराच्या सुमारास बँकेतून स्टेटमेंटची प्रत आली आणि मी ती विम्याच्या कागदाशेजारी ठेवली. सप्टेंबरअखेरचा साठा सुमारे ३२ लाखांचा होता. विमा होता २० लाखांचा.

अण्णांनी गिरणीत आणि मागावर आयुष्य काढलेले, त्यामुळे आकड्यांतला फरक त्यांना लगेच दिसला, पण त्याचा अर्थ मला समजावून सांगावा लागला. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी सर्व कंपन्यांनी द्यावयाची 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी त्यांच्याकडे होती. तिच्यात विम्याची रक्कम खऱ्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी असली, तर कंपनी तिकडे दुर्लक्ष करते. त्याहून अधिक तूट असेल, तर नुकसानभरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते. ३२ लाखांच्या मालाला २० लाखांचा विमा म्हणजे तूट साडेसदतीस टक्के. उरलेल्या मालाची किंमत वजा जाता नुकसान १६ लाख धरले, तर हाती १० लाख येणार. "पण १६ लाख तर २० लाखांच्या आतच आहेत ना?" असे मुलाने विचारले. हा प्रश्न माझ्या तेवीस वर्षांत मला प्रत्येक वेळी विचारला गेला आहे.

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग अण्णा हळू आवाजात म्हणाले, "हे बँकेचं कागद दाखवलंच नाही, तर?" वही जळालेली होती. गोदामात २० लाखांचाच माल होता असे सांगितले असते, तर निदान वरवर तरी हिशेब जुळला असता. मी त्यांना सांगितले, की जीएसटीची खरेदी-विक्री मांडली तर सर्व्हेअरला तासाभरात ३२ चा आकडा मिळेल, आणि खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले, तर मिळणारे १० लाखही जातील. शिवाय उद्या कर्ज वाढवून मागताना बँकेपुढे उभे राहायचे आहे. अण्णांनी मान हलवली. मुलाने ती प्रत स्वतःच फाइलमध्ये सर्वांत वर लावली.

त्यानंतर मी त्याला जरा रागानेच विचारले, की हा २० लाखांचा आकडा तू घातलास तरी कुठून? त्याने मोबाईलमध्ये शोधून एक जुनी पॉलिसी उघडली आणि माझ्यापुढे धरली. ती मी दिलेली होती. अर्जात साठ्याची किंमत विचारल्यावर त्याने विश्वासाने माझाच आकडा उतरवून घेतला होता. मी तो आकडा पहिल्यांदा लिहिला, तेव्हा अण्णांकडे आठ माग होते. पुढे सोळा झाले, सूत महागले आणि गोदामावर पत्रे टाकून ते वाढवले गेले. या काळात मी दरवर्षी त्यांच्या घरी वर जाऊन चहा घेतला, धनादेश घेतला आणि खालच्या गोदामात एकदाही पाऊल टाकले नाही. दिवाळीच्या आधी साठा फुगतो आणि नंतर उतरतो, त्यामुळे साठा वेळोवेळी कळवत राहण्याची डिक्लरेशनची सोय त्यांना सुचवायला हवी होती, हे मला त्या दिवशी जळक्या गोदामात सुचले.

सर्व्हेअर तीन वाजता आले. या पॉलिसीची मी एजंट नाही, ओळखीची म्हणून बसले आहे, हे मी त्यांना आधीच सांगितले. ढिगारा जागेवर होता, ओला माल वेगळा होता आणि कागद क्रमाने लावलेले होते, त्यामुळे अंधार पडायच्या आत त्यांची पाहणी पूर्ण झाली. धुऊन, वाळवून दुय्यम माल म्हणून विकता येतील असे गठ्ठे त्यांनी काट्यावर वजन करून लिहून घेतले. दोन महिन्यांनी, किरकोळ वजावट जाता, हिशेबाप्रमाणे दहा लाखांच्या आसपासची रक्कम जमा झाली. बाकीचे सहा लाख अण्णांनी पदरचे घातले. त्या सहा लाखांसाठी वर्षाला आणखी काही हजार हप्ता पुरला असता.

एजंट मंडळी जमली की ऑनलाइन विक्रेत्यांच्या नावाने तक्रारी होतात. मीही त्यात असते. आम्हाला एका वेळी एकाच सर्वसाधारण विमा कंपनीचे काम करता येते आणि ऑनलाइन विक्रेत्याचे पोर्टल डझनभर कंपन्या शेजारी शेजारी मांडून दाखवते. भावात आम्ही त्यांना गाठणार नाही. परंतु गोदामात जाऊन माल पाहणे मोबाईलला जमत नाही, आणि जे काम फक्त मलाच करता येण्यासारखे होते, तेच मी अनेक वर्षे केले नव्हते.

पुढच्या नूतनीकरणाला मुलाने कारखान्याचा विमा परत माझ्याकडे आणला. गाडीचा विमा तो अजूनही ऑनलाइनच घेतो आणि मीही त्याला अडवत नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या विम्याचा, दर सरकारच ठरवते, तो सगळीकडे सारखाच असतो. फक्त मागच्या वर्षी दावा केला असेल तर नो क्लेम बोनसच्या, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीच्या, चौकटीत खूण करू नकोस, एवढे मी त्याला बजावले आहे.

यंदा नवरात्रात मी वर चहाला न जाता आधी गोदामात गेले. मुलगा शिडीवर चढून गठ्ठे मोजून सांगत होता आणि मी खाली वहीत लिहून घेत होते. आकडा एक्केचाळीस लाखांवर गेला, तेव्हा अण्णा दारातून म्हणाले, "परत एकदा मोजा."