तुम्ही विचारलंत म्हणून : माझं ड्रोन फितूर का होत नाही

माझी लष्करी ड्रोनवरची कादंबरी येऊन दोन वर्षं होतील. तेव्हापासून फोनवर, एसटी स्टँडवर, एकदा तर सोयऱ्यांच्या तेराव्याला पंगतीतसुद्धा मला हेच विचारतात: 'ते ड्रोन शेवटी मालकावर उलटेल असं वाटलं होतं. उलटत का नाही?' विचारणाऱ्याचा चेहरा थोडा फसवल्यासारखा असतो. एवढी पानं वाचली आणि मशीन शेवटपर्यंत सांगितलं तेच करत राहिलं! त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो, की गेवराईत मोटारी भरणाऱ्या माणसाला लष्करी ड्रोन सुचलं कसं. दोन्हींचं उत्तर एकाच विहिरीत आहे.

माझं वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान. सोबत स्टार्टरला ऑटो बसवून द्यायचं काम. शेतकऱ्याला ऑटो सांगायला नको, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस रात्रीची असते. रात्री दीडला विहिरीवर जायचं म्हणजे साप, आणि हल्ली बिबट्याही. म्हणून स्टार्टरमध्ये एक छोटी डबी बसवतात. ती तिन्ही फेज आल्यात का बघते, ठरवून दिलेले सेकंद थांबते, त्याला डिले म्हणतात, आणि खाटकन कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीला वीज जोडणारा खटका, ओढते. मोटार चालू, माणूस घरी गोधडीत. महावितरण ओरडून सांगतं की ऑटो काढा, लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम उचलतात आणि डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळतो. कुणी काढत नाही. मीही काढा म्हणत नाही, माझं पोट त्यावर आहे.

आबांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या मोटारीवर ऑटो मीच बसवला होता. एका दुपारी लाईट गेलेली. पंप पाणी गाळत होता म्हणून आबा विहिरीतल्या चौथऱ्यावर उतरून ग्लँडदोरी, म्हणजे पंपाच्या दांड्याभोवतीची पाणी अडवणारी दोरी, घालत होते. मी काठावर, पाना घेऊन. मेन स्विच पाडायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. लाईट आली. पेटीत हिरवा दिवा लागलेला मला दिसला, पण तो बघून तोंडातून शब्द निघेपर्यंत खाट असा आवाज आला. आबांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यातून आल्यावर मी ती डबी काढून दुकानात टेबलावर घेतली. फेज बरोबर. व्होल्टेज बरोबर. डिले बरोबर. रात्री दोनपर्यंत तपासत बसलो. डबीत खोट सापडली असती तर बरं वाटलं असतं.

कादंबरीची पहिली ओळ त्या रात्री नाही सुचली, नंतर बऱ्याच वर्षांनी सुचली. इराक युद्धाबद्दल वाचत होतो. 23 मार्च 2003 ला ब्रिटनचं टोर्नेडो विमान कुवेतच्या तळावर परत येत होतं. अमेरिकेच्या पेट्रियट या विमानं-क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या यंत्रणेनं त्याला रडारवर येणारं क्षेपणास्त्र समजून पाडलं. आत दोघं होते, दोघंही गेले. विमानाची 'मी आपला' सांगणारी खूण पोहोचली नाही, यंत्रणेच्या नियमात ते शत्रू बसलं, आणि समोरच्या माणसांना विचार करायला जेमतेम काही क्षण मिळाले. पुढच्या 2 एप्रिलला त्याच यंत्रणेनं अमेरिकेचंच एक लढाऊ विमान पाडलं. वाचताना मला पेटीतला हिरवा दिवा दिसला.

मग माणसं ऑटो लावतातच कशाला? तिथंही रात्रीची लाईट आहे, म्हणून. युक्रेनच्या युद्धात ड्रोन आणि चालवणारा यांच्यातला रेडिओ जॅम करतात. मग कुणी ड्रोनच्या मागे किलोमीटरच्या किलोमीटर बारीक फायबरची तार सोडतो, तर कुणी शेवटचा टप्पा ड्रोनवरच सोपवतो. इस्रायलचं हार्पी नावाचं ड्रोन तर त्याच्याही आधीपासून रडारच्या लहरी हुंगत घिरट्या घालतं आणि सापडलं की स्वतःच त्यावर कोसळतं.

माझ्या कादंबरीतलं ड्रोन सीमेलगतच्या एका गावावर असतं. रेडिओ तुटतो. तुटला तर शेवटच्या हुकमावर चालू राहायचं, ही ओळ एका भल्या माणसानं कधीतरी एसी खोलीत बसून लिहिलेली. खाली तुषार सिंचनाचे पाइप भरलेली ट्रॉली चाललीय. वरून ती रॉकेट लाँचरसारखी दिसते. ड्रोन म्हणतं, एक्याण्णव टक्के. हा आकडा म्हणजे शिकवताना दाखवलेल्या फोटोंशी हे किती जुळतं, एवढंच. ट्रॉलीचे फोटो दाखवलेच नसतील तर ट्रॉली नावाची वस्तू त्याच्या जगात नाही. ते फितूर झालं असतं तर मला एक खलनायक मिळाला असता आणि तुम्हाला शेवट.

माणूस चुकत नाही का, असं एक फौजी वाचक म्हणाले. चुकतो की. 27 फेब्रुवारी 2019 ला काश्मीरमध्ये बडगामला आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलंच हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि खाली गावातला एक माणूस गेला. हवाई दलप्रमुखांनी पुढे चूक उघड कबूल केली. तिथं कबूल करणारं कुणीतरी होतं. डबीला मी काय कबूल करायला लावणार होतो?

2024 च्या पावसाळ्यात आमच्या भागात रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावं जागत होती, आठवत असेल. आमच्याकडे पोरांनी एका शूटिंगवाल्याला धरलं. काठ्या उचललेल्या. तेवढ्यात एक म्हातारी पुढं झाली, 'कुणाचा रे तू? कोणतं गाव?' त्यानं गाव सांगितलं, मामाचं गाव सांगितलं, म्हातारीला तिथली एक सून आठवली. यात पंधरा मिनिटं गेली. तोवर काठ्या खाली आल्या होत्या. कादंबरीत हा प्रसंग घ्यायचा खूप प्रयत्न केला, बसला नाही.

मागच्या हिवाळ्यात आबा दुकानात आले. 'ऑटो जळालाय, दुसरा बसीव.'

मी म्हणलं, 'आबा, परत?'

'मग रातच्याला गव्हाला पाणी कोण द्यायलंय, तू?'

जाऊन बसवून आलो. डिलेचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवला. आबा पेटीत डोकावून म्हणाले, 'इतका उशीर कामून ठेवलास? पाणी वाया जातंय.' आणि उरलेल्या तीन बोटांत स्क्रूड्रायव्हर धरून त्यांनी तो अर्ध्यावर आणला.