हात वाकत होता, तरी बेडकीचा दोर तुटलेला: माझा अनुभव

आमचं घर देवगडला. पावसाच्या आधी मागचा गडगा, म्हणजे चिऱ्यांची कुंपणाची भिंत, उभा करायचा म्हणून मे महिन्यात गाडीवरून चिरे उतरवत होतो. एक चिरा, असेल तीसएक किलोचा, निसटला आणि तो पायावर पडू नये म्हणून मी उजव्या हाताने खालून धरायला गेलो, कोपर अर्धं वाकलेलं होतं, सगळं वजन एकदम त्याच हातावर आलं आणि कोपराच्या पुढच्या बाजूला टप् असा आवाज झाला, ओली दोरी तुटावी तसा. जीवघेणी कळ आली पण पाच-दहा मिनिटांत कमी झाली.

शेजारचे दादा म्हणाले, "हात वाकता मां, मगे काय झाला नाय." मलापण ते पटलं. दोन दिवस खोबरेल चोळलं.

तिसऱ्या दिवशी कोपराच्या आत सगळं काळंनिळं झालं, दंडाची बेडकी खांद्याकडे वर सरकल्यासारखी दिसायला लागली आणि नळ घट्ट बंद करताना हातात जोरच नाही. मग कणकवलीला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कोपर काटकोनात ठेवून तळहात वर करायला लावला आणि बाहेरच्या बाजूने आपलं बोट आकड्यासारखं कोपराच्या पुढे अडकवून बघितलं. डाव्या हातात बोट अडकलं, दोर, म्हणजे बेडकी हाडाला बांधणारा टेंडन, ताणलेला लागला. उजव्यात बोटाला काहीच लागेना. एमआरआयमध्ये तेच आलं.

मी विचारलं, दोर तुटलाय तर हात वाकतो कसा? त्यांनी कागदावर काढून दाखवलं आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं म्हणून लिहितोय. बेडकी म्हणजे बायसेप्स, त्याला दोन डोकी, दोन्ही खांद्याच्या फऱ्यावरून निघतात, दंडाच्या हाडाला तो कुठेच चिकटत नाही आणि खाली एका दोराने अंगठ्याच्या बाजूच्या रेडियस हाडाला लागतो. रेडियस गोल फिरतं म्हणून तळहात वर फिरवायचा खरा जोर बायसेप्सचा. त्याच्याखाली लपलेला ब्रेकिअलिस दंडाच्या हाडावरून निघून करंगळीच्या बाजूच्या अल्नाला लागतो, अल्ना तशी फिरत नाही, त्यामुळे तो फक्त कोपर वाकवतो, आणि ते काम तो एकटापण करतो. माझा हात तोच वाकवत होता!

डॉक्टर म्हणाले दोन-तीन आठवड्यांच्या आत केलं तर बरं, नंतर दोर वर आखडतो आणि आजूबाजूला चिकटतो. ११व्या दिवशी कोल्हापूरला ऑपरेशन झालं, दोर परत रेडियसला बांधला. नंतर कोपराखाली अंगठ्याच्या बाजूची कातडी बधिर झाली, मी घाबरलो होतो, पण दंडातली जी नस बायसेप्स आणि ब्रेकिअलिसच्या मधून येते तिचीच ती पुढची फांदी, ऑपरेशनमध्ये ताणली जाते असं त्यांनी सांगितलं. दोनेक महिन्यांत मुंग्या थांबल्या.

सहा आठवडे उजव्या हाताने काही उचलायचं नाही, चहाचा कप सोडला तर. मग फिजिओवाल्या ताईंनी हातात हातोडी दिली, दांड्याच्या टोकाला धरून तळहात वर, तळहात खाली, सावकाश. पहिल्या दिवशी हातोडी अर्ध्यावर थरथरून पडली. ताई म्हणाल्या, "काका, दांडा डोक्याजवळ धरा, वजन आपोआप कमी होतं." रोज बोटभर मागे सरकत गेलो.

चौथ्या महिन्यात नळ एका हाताने घट्ट बंद झाला. गडगा दादांनीच उभा केला, वरची शेवटची ओळ माझ्यासाठी ठेवलीय म्हणतात.