खत नंतर, आधी कात्री

माझ्या गच्चीवर फुलझाडं जवळजवळ नाहीतच. सगळा कारभार पानांचा: पुदिना, कोथिंबीर, बेसिल, गवती चहा, कढीपत्ता, आणि भिंतीकडेला रोझमेरी, थाइम, सेज. बघायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “खत कुठलं घालता?” मी कात्री दाखवते. लोकांना वाटतं, मी टाळतेय.

बेसिलचंच बघा. शेंडा पानांच्या जोडीच्या किंचित वर छाटला की त्या बेचक्यातले दोन्ही डोळे फुटतात आणि एका फांदीच्या दोन होतात. असं छाटत राहिलं की झाड बुटकं, डेरेदार राहतं. नाही छाटलं तर ते सरळ वर जातं, तुरा काढतं, आणि मग पानं बारीक व्हायला लागतात. म्हणून तुरा दिसला की मी तो खुडते. एक रोप मात्र मधमाश्यांसाठी मुद्दाम फुलू देते. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा काढला की थांबायचं, हा माझा नियम. खताचा हात सैल सोडला तर पानं लुसलुशीत येतात खरी, पण वास फिका पडतो. आणि वासासाठीच तर हा सगळा खटाटोप!

उन्हाळ्यात कोथिंबिरीवर माझा जीव अडकतो. ऊन तापलं की ती पानं सोडून फुलांच्या मागे लागते. त्यावर सावली हा अर्धाच उपाय. खरा उपाय म्हणजे दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे थोडे धणे टाकत राहणं. धणा हलका रगडून त्याच्या दोन फाकी करायच्या, कारण आत दोन बिया असतात. पेरायचं थेट कुंडीत. तिला सोटमूळ असतं, रोप उपटून दुसरीकडे लावलं तर ती रुसते.

पाण्याच्या बाबतीत माझ्याकडे सरळ दोन रांगा आहेत. पुदिना, कोथिंबीर, बेसिल यांना ओल हवी. रोझमेरी, थाइम, सेज ही भूमध्य समुद्राकाठची मंडळी. त्यांच्या मातीत वाळू जास्त, आणि वरचा थर बोटाला कोरडा लागल्याशिवाय पाणी नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०१७ साली रोझमेरीला सेजच्याच साल्व्हिया वंशात नेऊन बसवलं. माझ्या गच्चीवर ती दोघं आधीपासून शेजारी आहेत.

पावसाळ्यात याच रांगेची काळजी. कुंड्यांखालच्या ताटल्या मी पहिल्या पावसातच काढून टाकते आणि रोझमेरी छपराखाली ओढते. साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात. वरून मात्र झाड पाणी कमी पडल्यासारखं सुकलेलं दिसतं, आणि माणूस अजून पाणी घालतो. गवती चहाला उलट हेच दिवस मानवतात. त्याचे ठोंब फोडून लावायचे ते आताच, पण हातमोजे घालून, पात्यांची धार वाईट असते.

पुदिन्याला कुणाच्याही कुंडीत भाड्याने ठेवू नये. त्याची धावती खोडं बघता बघता सगळी जागा बळकावतात. वर्षातून एकदा गड्डा बाहेर काढून, मधला जुनाट भाग टाकून, कडेचे ताजे तुकडे नव्या मातीत लावले की तो पुन्हा जोमात येतो.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर नीट बघा. लिंबाच्या कुळातलं झाड ना ते, त्यामुळे लिंबावरच्या फुलपाखराची अळी इथेही येते. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचलं की डोक्यामागून उग्र वासाची शिंगं काढते. मी तिला एक फांदी देऊन टाकते. झाड मोठं असेल तरच हं, रोपाचा ती एका दिवसात खराटा करते.

थंडीत बेसिल मान टाकतं, म्हणून पारा दहाच्या खाली जायच्या आत काड्या कापून पेल्यातल्या पाण्यात ठेवते, मुळं सहज सुटतात. कढीपत्ता पानं गाळतो. तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका, उलट कमी करा. त्याला मी थंडीत कात्री लावतच नाही. नवी पालवी डोकावली की शेंडे छाटते, आणि मग शेणखताची पाटी बाहेर काढते.