एक भागिले सात

एसटीत कंडक्टर होतो तेव्हा मुक्कामाच्या गाडीवर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, जुळलं, पैसे मोजून झाले, की झोपण्याआधी वेबिलाच्या रद्दी कागदावर मी एक भागाकार मांडायचो. एक भागिले सात. परवा नात आठवीचे आवर्ती दशांश घेऊन बसली आणि तो पुन्हा मांडला गेला.

10 मध्ये सात एकदा, बाकी 3. 30 मध्ये चारदा, बाकी 2. मग बाकी 6, मग 4, मग 5, आणि परत 1. वर उमटतं 142857, आणि पुढे तेच फिरून फिरून.

नात म्हणाली, "आजोबा, बाक्या बघा ना. एक ते सहा सगळ्या आल्या, दोनदा एकही नाही!"

मला हे कळायला किती रात्री लागल्या होत्या! सगळी मेख त्या बाक्यांत आहे. तीन भागिले सात हवं असेल तर बाकी 3 पासून निघायचं, 428571 मिळतं. म्हणून 142857 ला दोनापासून सहापर्यंत कशानंही गुणा, भोंडल्याच्या फेरासारखे तेच सहा अंक त्याच क्रमानं फिरतात. सातानं गुणलं की मात्र फेर संपतो: 999999. अशा संख्येला चक्रीय संख्या म्हणतात.

तिची आणखी दोन कुळं आहेत, आणि आम्हा नाशिककरांना ती घरची वाटतात. अंकांची बेरीज 27, आणि 27 नं संख्येला नि:शेष भाग जातो, 5291 वेळा. ही हर्षद संख्या. नाव दिलं द. रा. कापरेकरांनी, जे 1930 ते 1962 देवळालीला शाळामास्तर होते. 6174 या त्यांच्या नावाच्या स्थिरांकामुळे लोक त्यांना ओळखतात, पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त प्रिय आहे. 142857 चा वर्ग करा. मी हातानंच करतो, कॅल्क्युलेटर घेत नाही. 20408122449 येतो. उजवीकडचे सहा अंक तोडा, 122449. डावीकडे उरले 20408. बेरीज घ्या.

142857!

वर्ग करून, तोडून, जोडून संख्या स्वतःपाशी परत येते. ही कापरेकर संख्या. पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा डेपोत सगळे घोरत होते आणि कुणाला तरी उठवून सांगावंसं वाटलं होतं.

नातीनं विचारलं, सगळ्या मूळ संख्यांचं असंच होतं का? नाही. तेरानं भागलं तर बारा बाक्या शक्य असून सहांतच फेर पुरा होतो. सतरानं मात्र सगळ्या सोळा येतात. तिनं लगेच पानाच्या डोक्यावर 17 लिहिलं. आठव्या अंकाला बाकी 16 आली तशी मी तिची पेन्सिल धरली: आता भागू नकोस, आधीच्या आठांतला एकेक अंक नवातून वजा कर, पुढचे आठ मिळतील.

तिनं केले, मग भागूनही पाहिलं. ओरडतच आजीकडे गेली.