‘स्टेज शून्य’ आणि ऑपरेशनआधीचा एमआरआय : माझा अनुभव

बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘डीसीआयएस, हाय ग्रेड’ आलं आणि घरच्यांच्या जिवात जीव आला. दुधाच्या नळीच्या आतच असलेला, नळीची भिंत न ओलांडलेला कॅन्सर, म्हणजे स्टेज शून्य. गडहिंग्लजहून आक्काचा फोन आला, ‘शून्य म्हंजे काय नाहीच की गं!’ हाताला गाठ लागत नव्हती, दुखतही नव्हतं. पन्नाशी उलटली म्हणून केलेल्या मॅमोग्राफीत डाव्या स्तनात बारीक पांढरे ठिपके दिसले होते, एवढंच.

शाहूपुरीतल्या सर्जन मॅडमनी फिल्म उजेडावर धरून मला जवळ बोलावलं. मीठ सांडावं तसे ते कण एका रेषेत पसरले होते, चार सेंटिमीटरच्या आसपास. त्यांनी पेनाच्या टोकानं एक जागा दाखवली. ‘ताई, सुईनं आपण इथले तुकडे घेतले. त्या तुकड्यांत डीसीआयएस आहे. बाकीच्या पट्ट्यात काय आहे, ते अजून कुणीच बघितलेलं नाही.’

सुईच्या बायोप्सीत नुसता डीसीआयएस निघालेल्या साधारण चारातल्या एका बाईला ऑपरेशननंतर, काढलेला भाग तपासताना, भिंत ओलांडलेला म्हणजे इन्व्हेजिव्ह कॅन्सर सापडतो. ग्रेड जास्त, म्हणजे पेशी जास्त आक्रमक दिसणाऱ्या, आणि पसारा मोठा असेल तर ही शक्यता वाढते. माझ्या बाबतीत दोन्ही होतं.

मी विचारलं, नंतर सापडला तर नंतर बघू, काय फरक पडतो? फरक काखेत पडतो. नुसत्या डीसीआयएससाठी तेवढाच भाग काढायचा असेल, तर काखेतल्या ग्रंथी सहसा तपासत नाहीत. पण मागाहून इन्व्हेजिव्ह निघालं, तर त्या ग्रंथींसाठी पुन्हा भूल, पुन्हा टेबल. आणि पूर्ण स्तन काढलेला असेल, तर कॅन्सर पसरताना सगळ्यात आधी जिथं पोचतो ती काखेतली पहिली ग्रंथी, म्हणजे सेंटिनल नोड, शोधण्याची वाटच बुजते, कारण ती ओळखायला स्तनात टोचलेला रंग ज्या वाटेनं काखेत पोचायचा तीच उरत नाही. म्हणून आधीच शोध घ्यायचा.

मॅमोग्राफीला कॅल्शियमचे कण दिसतात. एमआरआयला रक्ताची ये-जा दिसते. कॅन्सर वाढताना स्वतःसाठी नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या तयार करतो. शिरेतून दिलेलं गॅडोलिनियमचं औषध त्यांतून पटकन आत शिरतं आणि बऱ्याचदा पटकन ओसरतं. औषध द्यायच्या आधी आणि नंतर काही मिनिटं सलग चित्रं काढून हा चढउतार बघतात. जर्मनीतल्या बॉनमध्ये झालेला 2007 सालचा एक अभ्यास मॅडमनी सांगितला : त्यातल्या डीसीआयएसपैकी 56 टक्के मॅमोग्राफीत दिसले होते, एमआरआयमध्ये 92 टक्के.

आक्का तोवर येऊन धडकली होती. ‘आता आनी कशाला तपासण्या? एकदाचं काढून टाक की. जीव टांगून ठेवतोस व्हय?’ तिचं चुकत नव्हतं, वाट बघणंच सगळ्यात जड होतं. पण कुठं काय आहे ते न बघता सुरी लावून घ्यायला माझं मन तयार नव्हतं.

गॅडोलिनियम किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी नीट चालते का ते बघायला क्रिएटिनिनची रक्ततपासणी झाली. पाळी चालू असेल तर सुरू झाल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसात बोलावतात, माझी बंद झालेली. अंगावरचं सगळं धातूचं काढायचं होतं. मंगळसूत्र, बांगड्या निघाल्या, जोडवी निघेनात. लग्नापासून बोटात रुतलेली. आक्कानंच खोबरेल लावून, बोट दाबत, एकेक वळसा देत ती काढली, रुमालात बांधली आणि मी बाहेर येईपर्यंत मुठीत धरून बसली.

आत पालथं झोपवतात. खाली दोन खोलगट जागा असतात, त्यांत स्तन मोकळे सोडायचे. हात डोक्यापुढे. कानाला हेडफोन लावूनही ठोकल्यासारखा आवाज येतो. औषध सुटलं की दंडातून गार काहीतरी वर चढत जातं. खरी कसोटी अजिबात न हलण्याची. नीट श्वास घ्यायला जमेल अशी मान आधीच ठेवून घ्या, मध्ये हलता येत नाही.

रिपोर्टमध्ये त्या पट्ट्याच्या टोकाला 9 मिलिमीटरची एक गाठ होती, औषध झटकन चढून झटकन उतरलेली. शिवाय उजव्या स्तनात एक छोटा डाग. उजवीकडचं वाचून माझे हातपाय गळाले. एमआरआयची ही दुसरी बाजूही सांगायला हवी, तो निरुपद्रवी गोष्टीही उजळून दाखवतो. म्हणून नुसत्या त्या चित्रावरून ऑपरेशन वाढवायचं नसतं, आधी सुईनं खात्री करायची. तीच जागा हेरून पुन्हा सोनोग्राफी केली, दोन्हीकडून तुकडे घेतले. उजवीकडे फायब्रोअ‍ॅडिनोमा, म्हणजे साधी, कॅन्सर नसलेली गाठ. डावीकडे इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा.

त्या रात्री कुणी जेवलं नाही. पण सकाळी मॅडमशी बोलताना निदान नेमकं कशाबद्दल बोलतोय ते कळत होतं. पुढची औषधं ठरवायला लागणाऱ्या हार्मोन आणि हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) यांच्या तपासण्या त्याच तुकड्यांवर झाल्या. किती भाग काढायचा ते ठरलं, आणि सेंटिनल नोड त्याच ऑपरेशनमध्ये तपासायचं ठरलं.

हा एमआरआय प्रत्येकीलाच लागतो असं नाही, आणि मिलिमीटरभराचा शिरकाव त्यालाही निसटू शकतो. पण डीसीआयएसचा रिपोर्ट हातात असेल तर आपल्या सर्जनना विचाराच : ठिपके किती भागात आहेत, तुकडे त्यातल्या कुठून घेतले, ग्रेड काय, आणि आत इन्व्हेजिव्ह लपलं असण्याची शक्यता त्यांना किती वाटते? एमआरआयची सीडी आणि बायोप्सीचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेले तुकडे, मागून घ्या, दुसरीकडे मत घ्यायचं तर तेच लागतात.

ऑपरेशन एकदाच झालं. काढलेल्या भागातली गाठ 11 मिलिमीटरची भरली, कडा स्वच्छ होत्या, म्हणजे कडेला कॅन्सर नव्हता, आणि काखेतून काढून तपासलेल्या दोन्ही ग्रंथींत काही नव्हतं. सध्या रेडिएशन चालू आहे, हार्मोनची गोळी पुढची काही वर्षं घ्यायची आहे.