टोकियोतला पहिला फोन, तोही वेळ ठरवून

‘मुलगा आवडलाय ना, मग सरळ फोन लाव की,’ असं सांगलीची मैत्रीण म्हणाली. तिला काय सांगू, इथे नंबर कुणी देतच नाही!

जपानमध्ये ओळख वाढवायची असली की एकजण लाइन अ‍ॅपमधला क्यूआर कोड समोर धरतो, दुसरा तो स्कॅन करतो. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप तसं इथे लाइन, पण नंबर न देता. त्याचा मोबाइल ०९० ने सुरू होतो की ०८० ने, हे मला आजही माहीत नाही. परक्या शहरात एकटी राहणाऱ्या मुलीला हे फार बरं वाटतं. नाही पटलं, तर ब्लॉक केलं की विषय संपला.

हे अ‍ॅप आलं जून २०११ मध्ये, मार्चच्या महाभूकंपानंतर तीनच महिन्यांनी. भूकंपाच्या दिवशी फोन लागत नव्हते, इंटरनेट मात्र बऱ्याच ठिकाणी चालू होतं. लाइनवर मेसेज वाचला गेला की शेजारी ‘किदोकु’, म्हणजे ‘वाचलं’, अशी दोन बारीक जपानी अक्षरं उमटतात. समोरच्याला उत्तर देता आलं नाही तरी तो सुखरूप आहे हे कळावं, म्हणून ही सोय केली असं इथे सांगतात. भूकंपासाठी उत्तमच. पण दुपारी विचारलेला प्रश्न वाचला गेलाय आणि रात्र झाली तरी उत्तर नाही, तेव्हा त्या दोन अक्षरांनी माझा जो जीव खाल्लाय!

तर फोन. आधी न विचारता फोन करणं इथे आगाऊपणाचं वाटतं, निदान नव्या ओळखीत तरी. त्याला कारणंही आहेत. ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही, तशा घोषणा सतत चालू असतात, आणि टोकियोतल्या माणसाचा अर्धा जन्म ट्रेनमध्ये जातो. घरी पोचावं तर भिंती इतक्या पातळ की शेजाऱ्याची शिंकही ऐकू येते. त्यामुळे अचानक वाजलेला फोन म्हणजे एकतर ऑफिसची कटकट किंवा वाईट बातमी.

शेवटी मीच मेसेज टाकला, ‘एकदा बोलूया का?’ उत्तरात आधी वाकून नमस्कार करणाऱ्या सशाचं स्टिकर, मग ‘गुरुवारी नऊनंतर चालेल?’ सुरुवातीला मला हसूच आलं. दाताच्या डॉक्टरची वेळ घेतल्यासारखं! पण गुरुवार येईपर्यंत मत बदललं. थकूनभागून आलेला माणूस आपल्यासाठी एक तास बाजूला काढून ठेवतो आणि नऊ वाजून एक मिनिटाला फोन करतो, ह्यात मला ‘सहज केला गं’पेक्षा जास्त जिव्हाळा दिसला.

बोलणं मात्र अगदी कांदेपोह्यांच्या थाटाचं. पाऊस, ऑफिस, जेवलीस का. समोरासमोर असताना माझं मोडकं जपानी हातवाऱ्यांवर निभावतं, फोनवर हात काय कामाचे? तो मध्ये मध्ये ‘उन्, उन्’ करत राहायचा. आजी गोष्ट सांगत असताना आपण हुंकार देतो ना, तसाच. आणि ऐन रंगात आलं तेव्हा आईचा व्हिडिओ कॉल. इथले नऊ म्हणजे तिकडचे साडेपाच, तिचा चहा झाल्यावरची हक्काची वेळ. मी कट केला. तिनं पुन्हा केला. मी पुन्हा कट केला.

आता तुम्ही विचाराल, मग जमलं का? तर इथला हिशेब असा: कितीही बोला, एकत्र जेवायला जा, जोवर दोघांपैकी एकजण ‘तू मला आवडतेस, आपण जोडी जमवूया का?’ असं स्पष्ट विचारत नाही आणि दुसरा हो म्हणत नाही, तोवर बहुतेकांच्या लेखी नातं सुरूच झालेलं नसतं. ह्या कबुलीला ‘कोकुहाकु’ म्हणतात. कॉलेजात दोन-दोन वर्षं ‘आम्ही फक्त फ्रेंड्स’ म्हणत बाइकवर फिरणाऱ्या जोड्या बघितलेल्या मला हा रोखठोकपणा आवडतो. फक्त अजून त्यानं विचारलेलं नाही, आणि मीही नाही.

आईला यातलं काहीच ठाऊक नाही. ती ब्लॉग वाचत नाही, मावशी वाचते. तेव्हा मावशी, तिला इतक्यात काही सांगू नकोस. आणि मला फोन करायचा असेल तर आधी मेसेज टाक, गुरुवार सोडून.